शहापूर तालुक्याचें पाणी कोठें जातें ?

(शहापूर तालुक्यांतील शेतकरी, आदिवासी व कारागीर मंडळींच्या सभेंत एका खेड्यांतील शाळामास्तरांनीं केलेलें भाषण.)



सभेंत बोलावयाचें तर लग्नाचा खर्च, दारू, सावकार आणि भटाची दक्षिणा हे विषय ठरलेले असतात. मी भूगोलावर बोलणार हें ऐकून पुष्कळांस नवल वाटलें असेल. भूगोल म्हणजे पोरांनीं घोकावयाचा विषय असा आपला समज आहे, आणि तो समज करून देण्यांत आम्हां मास्तरांचा हात मोठा आहे. गंगेचा उगम कोठें, हें मूल झोपेंतहि सांगतें. पण आपल्या पाड्याखालचा ओहोळ पुढें कोणत्या नदीस मिळतो, असें विचारलें कीं तें आढ्याकडे पाहूं लागतें. परीक्षेंत ओहोळाला गुण नाहींत, म्हणून ओहोळ कोणी शिकवीत नाहीं.

तरी आज मी ओहोळाचीच गोष्ट सांगणार आहें. आपलें दारिद्र्य कपाळावर लिहिलेलें आहे असें पिढ्यान् पिढ्या आपणांस सांगण्यांत आलें. मी म्हणतों, तें नकाशावर लिहिलेलें आहे. आणि कपाळ कोणास वाचतां येत नसलें तरी नकाशा चौथीच्या पोरासहि वाचतां येतो.

प्रथम जमिनीचा उतार पाहूं. आपल्या पूर्वेस सह्याद्रीची भिंत उभी आहे. त्या भिंतीच्या पायथ्यापासून पश्चिमेकडे जमीन टप्प्याटप्प्यानें उतरत जाते : आधीं कडे, मग जंगलाचे डोंगर, मग वरकस माळ, मग भाताचीं खाचरें, आणि शेवटीं भिवंडी-कल्याणची सपाटी व खाडी. मधेंच माहुलीचा डोंगर सुमारें २८०० फूट उंच उभा आहे. त्याच्या किल्ल्यावर १६३६ सालीं शहाजी राजांस वेढा पडला होता, हें आपणांस पोवाड्यांतून ठाऊक असेल. भातसा, चोरणा, काळू या नद्या दक्षिणेकडच्या अंगानें उल्हास नदीस पाणी नेतात. तानसा आणि वैतरणा उत्तरेच्या अंगानें जातात. साऱ्यांचें तोंड पश्चिमेस. एकहि नदी आपल्याकडे वर चढून येत नाहीं. हें वाक्य पोरकट वाटेल, पण लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

जुन्या काळीं या मुलखास कोळवण म्हणत. कोळ्यांचें रान तें कोळवण. आज येथें कुणबी आहेत, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली आहेत, आगरी आहेत, बौद्ध समाज आहे, आणि गांवोगांव विखुरलेले सुतार, लोहार, कुंभार, बुरूड, चांभार, तेली, न्हावी आहेत. शंभरांत सुमारें एक तृतीयांश माणसें आदिवासी आहेत. २०११ च्या शिरगणतींत तालुक्याची लोकसंख्या ३,१४,१०३ भरली. शेजारच्या मुरबाड तालुक्याची १,९०,६५२. दोन्ही मिळून झाले ५,०४,७५५ लोक. आतां दुसऱ्या अंगास पाहा. एकट्या उल्हासनगर तालुक्यांत त्याच सालीं ५,०६,०९८ लोक होते, आणि उल्हासनगर केवढें, तर सकाळीं निघालेला माणूस न्याहारीच्या वेळेस पायीं ओलांडून जाईल एवढें. आपला तालुका ठाणें जिल्ह्यांत सर्वांत विस्तीर्ण. पालघर वेगळा निघाल्यावर उरलेल्या जिल्ह्याची सुमारें तिसरा हिस्सा जमीन एकट्या शहापूरची. आणि माणसें? जिल्ह्याच्या ८०,७०,०३२ लोकांत शंभरीं चारहि नाहींत.

याचा अर्थ काय, तो हिशेबी माणसाच्या ध्यानांत लगेच येतो. राज्यकारभारांत डोंगर मत देत नाहीं, माणूस देतो. जिल्ह्यांतून विधानसभेवर १८ आमदार जातात, त्यांत शहापूरचा एक. जमीन मोठी आणि आवाज लहान, अशी आपली स्थिति आहे. जंगल आपलें, धरण आपल्यांत, रस्ता आपल्यांतून. पण ठराव होतो तेथें हात वर करणारा आपला माणूस एकच.

आतां पावसाकडे येतों. आपल्याकडे वर्षाला शंभर इंचांच्या आगेमागें पाऊस पडतो. घाटावर सोलापूर-सांगोल्याकडच्या शेतकऱ्यास याच्या चौथाईवर वर्ष काढावें लागतें. असें असून फाल्गुन-चैत्र आला कीं कसाऱ्याच्या, विहिगांवच्या, डोळखांबच्या अंगास पाड्यापाड्यांतून बाया हंडे घेऊन दरीकडे उतरतात, आणि शहापुराहून टँकर निघतात. शंभर इंच पडलेलें पाणी सहा महिन्यांत गेलें कोठें?

याचें उत्तर कांहीं अंशीं दगडांत आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण घट्ट असतो. त्यावर मातीचा पातळ पापुद्रा, आणि उतार असा कीं वाटी पालथी घालावी. पाऊस पडतो आणि धांवत सुटतो. जिरण्यास त्याला ना सवड ना जागा. जेथें झाड आहे, गवत आहे, बांध आहे, तेथें तो थोडा थबकतो. जेथें डोंगर उघडा पडला तेथें तो जातांना मातीहि बरोबर घेऊन जातो. तेव्हां यांत देवाचा दोष मुळींच नाहीं. पाऊस यावा म्हणून जे अभिषेक आणि अनुष्ठानें करवितात त्यांस मी विचारतों, महाराज, पाऊस तर येऊन गेला, तो राहावा म्हणून कांहीं मंत्र आहे काय? जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यांत त्यांनीं सरकारास स्पष्ट सांगितलें आहे कीं, फौजेच्या व पोलिसांच्या रिकाम्या हातांकडून डोंगरउतारावर ताली व बंधारे घालवावे, म्हणजे पाणी शेतांत मुरेल. आज ज्यास पाणलोटाची योजना म्हणतात ती हीच. हें सांगणारा पुरुष माळ्याच्या घरचा होता, म्हणून त्याला पाण्याचें मोल ठाऊक होतें.

पण दगड आणि उतार ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी गोष्ट माणसांनीं केलेली आहे.

मुंबईस पाण्याची तहान लागली तेव्हां इंग्रजांनीं आपल्या तालुक्याकडे पाहिलें. तानसा नदीवर सुमारें पावणेदोन मैल लांबीची दगडी भिंत घातली, आणि १८९२ सालापासून तानसाचें पाणी नळानें मुंबईस जाऊं लागलें. तें आपल्याच वजनानें उतरत जातें. पुढें १९५७ सालीं वैतरणेवर मोडकसागर झाला. १९८० च्या पुढच्या वर्षांत भातसा व चोरणा यांच्या संगमापाशीं भातसा धरण पुरें झालें. आणि २०१४ सालीं आपल्या व मोखाड्याच्या हद्दीवर मध्य वैतरणा धरण उभें राहिलें. मुंबईस पाणी देणारे असे एकंदर सात तलाव आहेत. सातहि तुडुंब भरले म्हणजे त्यांत १४,४७,३६३ दशलक्ष लिटर पाणी मावतें. पैकीं एकट्या भातशाचें ७,१७,०३७ आणि तानसाचें १,४५,०८०. एवढाले आंकडे डोक्यांत बसत नाहींत, म्हणून मी घागरींचा हिशेब सांगतों. मुंबईच्या शंभर घागरींपैकी जवळजवळ साठ घागरी भातसा आणि तानसा या दोन तलावांतून जातात. वैतरणेच्या हद्दीवरच्या घागरी मी यांत धरल्याच नाहींत.

मुंबईला रोज सुमारें ३८५ कोटि लिटर पाणी पोंचतें. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास एकट्या भातशाचें. भातशाचें पाणी धरणांतून नदींत सोडतात, तें भिवंडी तालुक्यांत पिसे येथें अडवून उपसतात, आणि पांजरापूरला गाळून पुढें पाठवितात. धरणास कालवेहि आहेत, तें शेतीकरितांहि बांधलें होतें. परंतु शहर वाढत गेलें तसा शहराचा घोट मोठा होत गेला. धरणाखालीं ज्यांचीं घरेंदारें बुडालीं त्यांतील कित्येकांस आपल्या हक्काकरितां वर्षानुवर्षें कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. तलावाच्या कांठीं उभी राहून एखादी बाई पाण्याकडे पाहते आणि टँकरची वाट बघते, हें चित्र वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यांत छापून येतें. त्यास आतां कोणी बातमीहि म्हणत नाहीं.

येथें मला दुसऱ्या पक्षाचें म्हणणें मांडलें पाहिजे, कारण तें अगदींच पोकळ नाहीं. इंजिनियर म्हणतात, मास्तर, तुमचे पाडे उंचावर आणि पाणी खालीं. हें खरें आहे. भातसा काठोकाठ भरला तरी त्याचें पाणी समुद्रसपाटीपासून १४२ मीटरांवर असतें, तानसाचें १२८ मीटरांवर. मुंबई समुद्राकांठीं, म्हणून पाणी तिच्याकडे आपण होऊन उतरतें. आपले पाडे डोंगराच्या पदरांत, त्यांच्याकडे तेंच पाणी चढवावें लागतें. चढविण्यास पंप पाहिजे, वीज पाहिजे, आणि एकेका पाड्यांत घरें वीस-पंचवीस. नदी वर चढत नाहीं असें मी आरंभीं म्हटलें, तें हेंच.

पण मग मी विचारतों, १८९२ सालीं पावणेदोन मैलांची भिंत आणि कोसच्या कोस नळ घालतांना पैशाचा प्रश्न आडवा कां आला नाहीं? तेव्हां तहान कोणाची होती, त्यावर खर्चाचें उत्तर ठरलें. शिवाय खालचें पाणी वर चढत नसेल तर वरचें पाणी खालीं आणावें, ही युक्ति साध्या शेतकऱ्यासहि सुचते. कसाऱ्याहून इगतपुरी सुमारें हजार फूट उंच आहे, आणि इगतपुरी तालुक्यांत भावली धरण आहे. तेथून पाणी उतारानें आपल्या गांवांस आणावें, अशी नळयोजना सरकारानें मंजूर केली, ती याच विचारानें. ती मंजूर झाली हें चांगलें झालें; पण दाराशीं भातसा असतांना आपल्या घोटाकरितां नाशिक जिल्ह्यांतल्या तलावाकडे पाहावें लागलें. आणि या योजनेचें काम ज्या चालीनें चालत आलें त्या चालीनें मुंबईचा नळ चालला असता तर मुंबई केव्हांच ओस पडली असती.

मुंबई-ठाण्याच्या लोकांवर माझा राग नाहीं. आपलीच भावंडें तेथें चाळींत राहतात. डोंबिवली-दिव्याकडे वस्तीच्या टोकाच्या बायाहि रात्री उठून नळापाशीं रांग धरतात. तहान ही पाप नव्हे. प्रश्न एवढाच कीं, वस्तु उतरून गेली तर तिची किंमत वर चढून येते कीं नाहीं?

हा प्रश्न पाण्यापुरता नाहीं. आपल्या तालुक्यांतून जें जें गेलें तें याच उतारानें गेलें. आगगाडी १८५३ सालीं ठाण्यास आली, १८५४ सालीं कल्याणास, १८५५ सालीं वासिंदला, १८६१ सालीं कसाऱ्याला. १८६५ सालीं ती थळघाट चढून गेली. तो चढ ३७ फुटांस एक फूट असा आहे. गाडीला मागून आणखी इंजिनें लावून ढकलावें लागतें. गाडी आली आणि आपलें लांकूड, कोळसा, गवत मुंबईकडे निघालें. घोड्यांच्या तबेल्यांस आणि गोठ्यांस गवत हवें होतें. गवत कापणारी ठाकरीण दिवसाला जें मिळवी त्यांत तिचें पोट भरत नसे, आणि गवताचा व्यापारी मुंबईत माडी बांधी.

त्याच वेळीं जंगलाचा कायदा आला. आपली भातशेती राबावर चालते, हें येथें कोणास सांगावयास नको. पण शहरांतला जो कोणी हें वाचील त्याच्याकरितां सांगतों. उन्हाळ्यांत जमिनीच्या तुकड्यावर शेण, ऐनाच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत यांचे थर घालून वर माती टाकतात आणि तें सावकाश जाळतात. त्यानें तण मरतें, राखेचें खत होतें, आणि मृगावर पेरलेलें रोप जोमानें उठतें. तें रोप उपटून खाचरांत लावावयाचें. खालच्या ओलाव्याच्या खाचरांत गरवें, वरच्या माळाच्या खाचरांत हळवें. म्हणजे खाचर एक असलें तरी त्याच्या पाठीमागें डहाळ्या देणारी वरकस जमीन पाहिजेच. सरकारनें वरकसावरचीं झाडें व जंगल आपल्या ताब्यांत घेतलें तेव्हां शेतकऱ्याच्या नुसत्या कुऱ्हाडीवर घाला पडला नाहीं, त्याच्या ताटांतल्या भातावर पडला. ठाणें-कुलाब्यांतून इतकी ओरड झाली कीं १८८५ सालीं सरकारास चौकशीकरितां कमिशन नेमणें भाग पडलें. वाघ राखावा, झाड राखावें, याला माझी ना नाहीं. डोंगर उघडा पडला तर पाणी कसें पळतें तें मीं आतांच सांगितलें. पण राब जाळणारा ठाकूर चोर, आणि परवाना घेऊन गाड्याच्या गाड्या लांकूड नेणारा ठेकेदार साव, हा न्याय कोणत्या शास्त्रांतला?

मग जो शेतकरी भाताच्या एका पिकावर आहे त्याचें आषाढ-श्रावणांत काय होई? कणगी रिकामी, लावणी तोंडावर. तो सावकाराच्या ओट्यावर जाई. दिढीनें भात घेई, म्हणजे मणास दीड मण सुगीला परत. अंगठा कोणत्या कागदावर उठला हें त्याला ठाऊक नसे. कलमकसाई तें पुढें सांगत. जिल्ह्याच्या उत्तर भागांत तर लग्नाच्या कर्जापायीं नवराबायकोनें जन्मभर राबावयाचें, त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ सालीं टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली आणि त्याच सालीं उंबरगांव-डहाणूकडे वारल्यांनीं उठाव केला, तेव्हां ती पद्धत मोडली.

येथें मला भाई कोतवालांची आठवण काढावीशी वाटते. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल हे माथेरानच्या न्हाव्याच्या घरचे. शिकून वकील झाले. २ जानेवारी १९४३ रोजीं आपल्या शेजारच्या मुरबाड तालुक्यांत सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीला ते आणि हिराजी पाटील बळी पडले. तो दिवस आपण दर वर्षी पाळतों. पण त्यांनीं त्यापूर्वीं केलेलें एक काम भाषणांत फारसें येत नाहीं. त्यांनीं शेतकऱ्यांकरितां धान्याच्या पेढ्या काढल्या. सुगीला सगळ्यांनीं थोडें थोडें भात घालावयाचें, आणि पावसाळ्यांत ज्याला नड असेल त्यानें तेथून न्यावयाचें, म्हणजे सावकाराचा ओटा चढावयास नको. वस्तरा चालविणाऱ्या जातींत जन्मलेल्या माणसानें सावकारीची मान कोठें आहे तें बरोबर ओळखलें होतें. शेतकरी आणि कारागीर यांचें हित एक आहे असें आपण सभेंत म्हणतों, त्याचा हा दाखला.

आतां आजची स्थिति. कूळकायदा १९४८ सालीं झाला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, आणि पुष्कळ कुळें मालक झालीं. पण खाचराचे तुकडे पडत गेले. भाताच्या एका पिकांत आणि मागून ओलीवर घेतलेल्या वालांत घर चालत नाहीं. म्हणून पहांटेची लोकल पकडून आसनगांव, आटगांव, खर्डी, कसाऱ्याहून माणसें कल्याणला, ठाण्याला, भिवंडीच्या गोदामांत जातात. पावसाच्या तोंडाशीं बाया शेवळें, मग टाकळा, कंटोलीं अशी रानभाजी टोपलींत घालून त्याच गाडीनें नेतात आणि स्टेशनाबाहेर फडक्यावर मांडून बसतात. डोंबिवलीची गृहिणी शेवळाच्या जुडीला घासाघीस करते, तेव्हां त्या जुडीमागें किती चढण आहे हें तिला दिसत नाहीं.

कारागिरांचें वेगळें सांगावयास नको. बुरुडाची कणगी गेली, प्लास्टिकचें पिंप आलें. सुताराचा नांगर ट्रॅक्टरानें नेला. पौषी पुनवेला म्हशाच्या जत्रेंत बैल अजून उभे राहतात; पण बैल घेणारे कमी आणि पाहणारे फार. सुताराचा मुलगा कल्याणच्या इमारतीवर चौकटी बसवितो, लोहाराचा मुलगा ग्रील जोडतो. हात तोच आहे, हुन्नर तोच आहे. फक्त सकाळ-संध्याकाळ चार तास गाडींत जातात.

सर्वांत वाईट दशा कातकरी बांधवांची. कधीं काळीं खैराचा कात काढणारे हे लोक. कातावरूनच त्यांचें नांव पडलें, आणि खैर तोडावयाचा नाहीं असें ठरलें तेव्हां धंदा गेला. दिवाळी आटोपली कीं बिऱ्हाड पाठीवर घेऊन ते कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्यांतल्या उपासाच्या दिवसांतच बयाणा घेतलेला असतो. त्याची फेड विटा पाडून करावयाची. पाऊस येतां येतां हिशेब होतो. हिशेब शेटच्या वहींत, आणि वही शेटच्या पेटींत. कित्येक वेळां सहा महिने राबून वर देणें निघतें तें पुढच्या सालास लागतें. वेठबिगारीचा कायदा १९७६ सालीं झाला आहे. पण जो आंकडा वाचूं शकत नाहीं त्याला कायदा कोणत्या पानावर आहे तें कसें कळावें? दिवाळीच्या सुट्टीनंतर मी शाळा उघडतों तों निम्मे बांक रिकामे. मुलांची नांवें पटावर असतात, मुलें चिखलांत असतात. जाणाऱ्या आईबापांनीं मूल आजीपाशीं ठेवावें, किंवा हंगामी वसतिगृहाची योजना आहे तिची मागणी शाळेकडे दिवाळीच्या आधीं करावी. नंतर केलेल्या मागणीचा उपयोग होत नाहीं.

आणि आतां उतारानें जावयास उरलेली शेवटची वस्तु म्हणजे जमीन. नागपुराहून येणारा समृद्धि महामार्ग आपल्या तालुक्यांतून गेला. इगतपुरी ते आमणें हा त्याचा अखेरचा भाग ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. रस्त्यांत ज्यांची जमीन गेली त्यांतील कांहींनीं मिळालेल्या रकमेंतून घर बांधलें, दुसरीकडे जमीन घेतली. कांहींची रक्कम दोन मोटारी आणि चार लग्नें यांत दोन वर्षांत संपली. तो ज्याचा त्याचा विचार. माझी काळजी वेगळी आहे. रस्ता झाला म्हणून शहरांतले दलाल आतां वरकस आणि माळ विचारीत हिंडतात. शेतकऱ्यास वाटतें, वरकसावर पिकतें काय? देऊन टाकावें. बाबांनो, वरकसाच्या माथ्यावर पडलेला पाऊसच खालच्या विहिरींत उतरतो. तेथें बंगला झाला, कुंपण पडलें, चारपांचशें फूट खोल बोअर गेली, म्हणजे खालच्या पाड्याची विहीर फाल्गुनाऐवजीं पौषांतच तळ दाखवील. आदिवासीची जमीन सरकारी परवानगीवांचून बिगर-आदिवासीस जात नाहीं. म्हणून साठेकरार, कुलमुखत्यारपत्र असलीं आडवळणें काढतात. असल्या कागदावर सही किंवा अंगठा करण्यापूर्वीं तो कागद गांवांतल्या कोणा शिकलेल्या मुलाकडून मोठ्यानें वाचून घ्यावा, आणि चार माणसांसमक्ष वाचून घ्यावा. जो दलाल वाचण्यास घाई करतो त्याचा चहासुद्धां पिऊं नये.

किंमत वर चढून आल्याचें एखादें उदाहरण आहे काय? आहे, आणि तेंहि जवळचें. बारवी धरण १९७२ सालीं झालें. त्याचें पाणी कारखान्यांस आणि कल्याण-डोंबिवलीकडच्या शहरांस जातें. पुढें धरणाची उंची वाढली, मुरबाडकडचीं गांवें पाण्याखालीं जाणार असें झालें. तेथील लोक नुसत्या रकमेवर उठले नाहींत. जी नगरपालिका, जी महापालिका पाणी घेईल तिनें आपल्या पाण्याच्या वांट्याप्रमाणें धरणग्रस्तांच्या घरांतील माणसास नोकरी द्यावी, असें ठरून आलें, आणि नेमणुकीचीं पत्रें हातांत पडलीं. यास फार वर्षें लागलीं, पण झालें. काळू नदीवर तर वनखात्याच्या परवानगीवांचून धरणाचें काम सुरू झालें होतें. गांवकरी व त्यांची संघटना उच्च न्यायालयांत गेली आणि २०१२ सालीं तें काम थांबलें. हे लोक आपल्याहून निराळे नव्हते. त्यांच्याजवळ कागद होते, आणि ते एकत्र होते.

आपल्याजवळहि एक हत्यार आहे, तें गंजत पडलें आहे. सबंध शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रांत मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्यानें अशा क्षेत्रांतल्या ग्रामसभेस आपल्या पाण्याविषयीं, जंगलाविषयीं, जमिनीविषयीं बोलण्याचा हक्क दिला. २०१४ सालीं महाराष्ट्रानें त्याचे नियम केले. त्या नियमांत अशीहि सोय आहे कीं, एखाद्या पाड्यानें ठराव करून आपणांस वेगळें गांव म्हणून मान्यता मागावी. २००६ च्या वनहक्क कायद्यानें सामुदायिक हक्काचा दावा करतां येतो. पण आपली ग्रामसभा कशी होते? सरपंच, ग्रामसेवक आणि चार रिकामे. वही घरोघर सह्यांकरितां फिरते. बाया तर दारांतूनहि डोकावीत नाहींत. आणि पाणी आणते कोण? ज्या माणसानें जन्मांत एक हंडा भरून आणला नाहीं तो पाण्याच्या ठरावावर बोलतो.

मागें एका पाड्यावर हेंच सांगत असतां एका बाईनें मला विचारलें, मास्तर, ठराव केला म्हणजे नळ येईल काय? तिचा प्रश्न रास्त होता. मीं सांगितलें, बाई, नुसत्या ठरावानें नळ येत नाहीं. “पाणीटंचाई आहे, दूर करावी” असे ठराव तालुक्याच्या कचेरींत पोतीं भरून पडले असतील. पण ठरावांत जर लिहिलें असेल कीं, अमुक पाड्याच्या विहिरींत संक्रांतीला इतके हात पाणी होतें, महाशिवरात्रीला इतके, होळीला तळ लागला, टँकर अमुक तारखेस प्रथम आला आणि आठवड्यांतून इतके वेळां आला, तर त्या कागदाला उत्तर देणें साहेबास भाग पडतें. त्याच्याजवळहि तेवढा आंकडा नसतो.

म्हणून येत्या संक्रांतीपासून माझ्या शाळेंतलीं पांचवी ते सातवीचीं मुलें आसपासच्या पाड्यांच्या विहिरी मोजणार आहेत. हाताहातावर गांठ मारलेला दोर, खालीं दगड बांधलेला, आणि एक वही. याहून जास्त सामान लागत नाहीं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस मोजणी. विहिरीवर ज्या बाया असतील त्यांनीं मुलांसमोर आंकडा पाहावा आणि खालीं सही करावी. १ मेच्या ग्रामसभेंत ती वही मांडावयाची, तिची नक्कल तहसील कचेरींत द्यावयाची, आणि पोंच घेतल्याशिवाय हलावयाचें नाहीं. ज्या पाड्यांना आपली विहीर या यादींत घालावयाची असेल त्यांनीं पौष अमावास्येच्या आंत शाळेंत येऊन नांव द्यावें. दोर शाळेंतून मिळेल.